वाहत्या कानाचा स्वॅब: सार्वजनिक आरोग्य विभागास खुले पत्र

प्रति,
मा. प्रधान सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन
मा. आयुक्त, आरोग्य सेवा, महाराष्ट्र राज्य

विषय: लहान मुलांच्या जुनाट कानफुटीत जंतूंचे निदान, नमुना घेण्यापासून अहवालापर्यंतची एकसारखी पद्धत ठरवण्याबाबत

महोदय / महोदया,

कान वाहणाऱ्या मुलाचा स्वॅब प्रयोगशाळेत जातो आणि तीन दिवसांनी कागद येतो: ‘स्युडोमोनास एरुजिनोसा, भरपूर वाढ. सिप्रोफ्लॉक्सासिन: रेझिस्टंट.’ खाली मेरोपेनेम, कोलिस्टिन, अमिकासिन यांच्यापुढे ‘सेन्सिटिव्ह’. म्हणजे कागदापुरते पाहता स्युडोमोनास या जंतूवर सिप्रोफ्लॉक्सासिन चालत नाही, ही तीन चालतात. हा कागद हातात पडला की आईबाप धास्तावतात, कानातले थेंब बंद होतात, मूल दाखल होते आणि शिरेतून इंजेक्शने सुरू होतात. कागदावरचा प्रत्येक शब्द तंत्रज्ञाने इमानेइतबारे लिहिलेला असतो. तरीही त्या मुलाच्या मधल्या कानात काय चालले आहे हे त्यातून कळेलच असे नाही, कारण अनेकदा स्वॅब मधल्या कानापर्यंत पोचलेलाच नसतो. तो बाहेरच्या नळीतला पू पुसून परत आलेला असतो.

आम्ही कान-नाक-घसा आणि सूक्ष्मजीवशास्त्र या दोन विषयांत काम करणारे डॉक्टर आहोत. महागडी यंत्रे मागण्यासाठी हे पत्र नाही. आधी स्वॅब नीट घेतला जावा, योग्य मुलाचाच घेतला जावा आणि अहवाल वाचणाऱ्याला चुकीच्या औषधाकडे ढकलणारा नसावा, एवढ्यासाठी आहे.

सुरुवात स्वॅब कोणाचा घ्यायचा नाही इथून करू. बालरोगांच्या एकात्मिक उपचारपद्धतीत, म्हणजे आयएमएनसीआयमध्ये, १४ दिवस किंवा त्याहून अधिक काळ पू येत असेल तर तो जुनाट कानाचा संसर्ग धरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली या आजारावर जो आढावा काढला, त्यात चार टक्क्यांहून अधिक लोकांचे कान वाहतात अशा देशांच्या गटात भारत होता. इतक्या मुलांचे स्वॅब घ्यायचे ठरवले तर कुठलीच प्रयोगशाळा पुरणार नाही, आणि त्याची गरजही नाही. यांतल्या बहुतेकांना दोनच गोष्टी लागतात: कान कोरडा करणे आणि सिप्रोफ्लॉक्सासिनचे थेंब. जंतूचे नाव कळले काय, न कळले काय, पहिले दोन आठवडे उपचार तोच राहतो.

या दोहोंपैकी कान कोरडा करण्याचा भाग सर्रास राहून जातो. पुवाने भरलेल्या नळीत टाकलेला थेंब पडद्याच्या छिद्रापर्यंत जातच नाही, पुवावर तरंगतो आणि मूल उठून बसले की गालावर ओघळतो. स्वच्छ, मऊ सुती कापडाची किंवा न फाटणाऱ्या टिश्यू कागदाची वात वळायची, ती कानात ठेवायची, भिजली की काढून दुसरी ठेवायची, आणि वात कोरडी बाहेर येईपर्यंत हे चालू ठेवायचे. दिवसातून किमान तीन वेळा. काडी नको, हेअरपिन नको, बाजारातले इअरबडही नकोत. मग बाटली दोन मिनिटे मुठीत धरून कोमट करायची (गार थेंबाने गरगरते, आणि एकदा गरगरले की मूल दुसऱ्या वेळी कानाला हात लावू देत नाही), मुलाला कुशीवर निजवून थेंब टाकायचे आणि कानाच्या तोंडाशी असलेली लहानशी कूर्चा चार-पाच वेळा हलके दाबायची, म्हणजे औषध आत ढकलले जाते. तेल, लसणाचे तेल, हायड्रोजन पेरॉक्साइड यांतले काहीही घालायचे नाही. कान कोरडा राहीपर्यंत विहिरीत आणि नदीत डुंबणे बंद. उन्हाळ्याच्या सुट्टीत हे सांगणे जिवावर येते, पण ओल्या कानात स्युडोमोनास फोफावतो हे खरे आहे.

एवढे सगळे दोन-तीन आठवडे नीट करूनही कान वाहायचा थांबला नाही, तर स्वॅब घ्यावा. त्याखेरीज पुढील मुलांचा घ्यावा: ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे ती, अगदी तान्ही बाळे, ज्यांच्यात क्षयाची शंका आहे ती, आणि ज्यांच्यात गुंतागुंतीची खूण दिसते ती. कानामागे सूज येऊन कानाची पाळी पुढे ढकलली जाणे, तोंड वाकडे होणे, ताप आणि डोकेदुखीबरोबर उलट्या, गुंगी, तोल जाणे या त्या खुणा. यांतली एकही दिसली तरी मूल त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात गेले पाहिजे. स्वॅब जाता जाता घ्यावा, त्याच्या अहवालासाठी मूल थांबवू नये. तीच गोष्ट कोलेस्टिएटोमाची. पुवाला कुजका वास, पडद्याच्या वरच्या भागात किंवा कडेला छिद्र, त्यातून पांढरट पापुद्रे निघणे, असे असेल तर हा हाड खात जाणारा आजार आहे आणि त्याला शस्त्रक्रियाच लागते. त्यातून स्युडोमोनास आला की प्रोटिअस, याने निर्णय बदलत नाही. अशी मुले ‘कल्चर रिपोर्ट आणा’ (जंतू वाढवून केलेल्या तपासणीचा अहवाल) म्हणत महिनोन्‌महिने फिरवली जातात, ते थांबले पाहिजे.

आता स्वॅब घेण्याची पद्धत. मुख्य मुद्दा हाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाहेरच्या नळीत निरोगी मुलांमध्येही जंतू असतात: त्वचेवरचे कोॲग्युलेज निगेटिव्ह स्टॅफिलोकॉकस, डिफ्थेरॉइड आणि त्यांचे भाऊबंद. कान दीर्घकाळ ओला राहिला की तिथे स्युडोमोनास आणि बुरशीही वस्ती करतात. नळीच्या तोंडाशी साचलेला पू टिपला तर हे सगळे वाढून येते आणि खरा दोषी त्यांच्या गर्दीत हरवतो. साध्या कापसाच्या स्वॅबची बोंडी लहान मुलाच्या नळीत जेमतेम मावते. ती आत जाताना भिंतींना घासते आणि बाहेर येताना पुन्हा घासते. शिवाय कापसातली स्निग्धाम्ले नाजूक जंतूंना मारक ठरतात. म्हणून या कामाला बारीक दांडीचा, नाकाच्या मागच्या भागातला नमुना घेण्यासाठी वापरतात तसा, रेयॉन किंवा नायलॉनच्या टोकाचा स्वॅब लागतो.

मूल पालकाच्या मांडीवर, एक हात डोक्यावर आणि एक हात मुलाच्या दोन्ही हातांवरून. तीन वर्षांखालच्या मुलाची पाळी मागे आणि खाली ओढायची, मोठ्या मुलाची मागे आणि वर. तसे केल्याशिवाय नळी सरळ होत नाही. पाळीचा खळगा आणि नळीचे तोंड स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यायचे. स्पिरिट आत जाता कामा नये: पडद्याला छिद्र आहे, मूल किंचाळेल, आणि जंतू मेले तर कल्चर रिकामे येईल. मग डोक्याच्या दिव्याच्या किंवा मायक्रोस्कोपच्या उजेडात नळीतला जुना पू निर्जंतुक सक्शनने किंवा कोरड्या कापसाने काढून टाकायचा. हा पू प्रयोगशाळेत पाठवायचा नाही, टाकून द्यायचा. पडदा आणि छिद्र डोळ्यांनी दिसले पाहिजे. त्यानंतर निर्जंतुक स्पेक्युलम (कानात बसणारे लहान नरसाळे) बसवायचा, छिद्रातून ताजा पू झिरपण्याची वाट पाहायची (बहुधा एक-दोन मिनिटांत येतो) आणि स्पेक्युलमच्या आतूनच, भिंतीला न टेकवता, स्वॅबचे टोक छिद्राच्या तोंडाशी लावायचे. सोय असेल तर स्वॅबऐवजी बारीक सक्शन नळी आणि पू गोळा करणारी लहान बाटली अधिक चांगली, कारण त्यात प्रमाण जास्त मिळते आणि हवा नको असणारे जंतूही काही प्रमाणात जगतात.

प्रत्येक कानाचे दोन स्वॅब: एक ग्रॅम स्टेनसाठी (रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी), एक कल्चरसाठी. एकाच स्वॅबमधून दोन्ही करायला गेले की काचपट्टी निर्जंतुक नसल्याने कल्चर बिघडते. दोन्ही कान वाहत असतील तर ‘उजवा’ आणि ‘डावा’ वेगळे पाठवायचे. दोन कानांत दोन वेगळे जंतू असणे ही नवलाची गोष्ट नाही. प्रकृतीला धोका नसेल तर प्रतिजैविक थेंब किमान दोन-तीन दिवस बंद ठेवून मगच नमुना घ्यावा. ते जमत नसेल तर कोणते थेंब चालू आहेत आणि शेवटचा कधी टाकला, हे फॉर्मवर लिहावे. आम्ही पाहतो त्या बहुतेक फॉर्मवर ‘इअर स्वॅब, सी/एस’ (कल्चर आणि औषध-संवेदनशीलता) एवढेच असते. वय नाही, बाजू नाही, औषध नाही. एवढ्या माहितीवर प्रयोगशाळेने काय अंदाज बांधायचा?

तालुक्याच्या ठिकाणाहून जिल्ह्याला नमुना पाठवताना चुका दोन होतात. कोरडा स्वॅब रिकाम्या नळीत घालून दुसऱ्या दिवशीच्या गाडीची वाट पाहिली जाते, किंवा ‘खराब होऊ नये’ म्हणून तो लसींच्या आइस बॉक्समध्ये ठेवला जातो. कोरडा स्वॅब दोन तासांत पेटरीवर (जंतू वाढवण्याच्या बशीवर) उतरला पाहिजे. ते शक्य नसेल तर कोळसा घातलेल्या एमीज या वाहतूक-माध्यमात ठेवावा, नेहमीच्या खोलीच्या तापमानाला, आणि २४ तासांच्या आत पोचवावा. थंडीने न्यूमोकॉकस आणि हिमोफिलस हे जंतू मरतात. स्युडोमोनास मात्र टिकतो. त्यामुळे फ्रिजमधून आलेला नमुना ‘फक्त स्युडोमोनास’ असा अहवाल देतो आणि तो खोटा आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही.

प्रयोगशाळेत पहिले काम ग्रॅम स्टेन. त्यात पू-पेशी भरपूर आणि चपट्या त्वचापेशी नगण्य असतील तर नमुना कामाचा. उलट असेल तर तो नळीच्या कातडीचा नमुना आहे. तसे कळवून नवा मागवावा. थुंकीच्या नमुन्याला आपण हाच नियम लावतो, कानाला लावत नाही, हे अजबच आहे. स्टेनमध्ये दिसलेले आणि कल्चरवर उगवलेले जुळत नसेल, तर काहीतरी वाढले नाही किंवा काहीतरी बाहेरून आले, हेही त्यातून कळते.

जंतू वाढवायची माध्यमे तीन तरी हवीत: ब्लड अगर, चॉकलेट अगर आणि मॅकॉन्की. चॉकलेट अगर वगळला तर हिमोफिलस इन्फ्लुएन्झी दिसणारच नाही. त्याला रक्तातली हेमिन आणि एनएडी ही दोन्ही पोषक द्रव्ये लागतात. मेंढीच्या ताज्या रक्तात एनएडी मोडून टाकणारे विकर असते, रक्त सुमारे ८० अंशांना तापवले की ते निकामी होते आणि पेशी फुटून पोषक द्रव्ये बाहेर येतात. हीच चॉकलेट अगरची सगळी करामत. तो वेगळा परवडत नसेल तर ब्लड अगरवर स्टॅफिलोकॉकस ऑरिअसची एक रेघ ओढावी. हिमोफिलस असेल तर त्या रेघेच्या कडेने दवबिंदूंसारख्या बारीक वसाहती दिसतात. ब्लड आणि चॉकलेट अगरच्या पेटऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवायच्या. इन्क्युबेटर नसेल तर घट्ट झाकणाच्या बरणीत मेणबत्ती लावून झाकण बंद करावे. ती विझते तेव्हा आत सुमारे तीन टक्के कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो आणि तेवढ्यावर काम भागते. ‘वाढ नाही’ हा शेरा ४८ तासांच्या आत देऊ नये.

रक्ताबद्दल स्पष्ट बोलायला हवे. रक्तपेढीतल्या मुदत संपलेल्या पिशव्यांतले मानवी रक्त ब्लड अगरसाठी वापरण्याची पद्धत आपल्याकडे आहे. त्या रक्तात सायट्रेट असते, दात्याची प्रतिपिंडे असतात, कधी दात्याने घेतलेल्या प्रतिजैविकाचा अंशही असतो. त्यावर न्यूमोकॉकस नीट वाढत नाही आणि रक्तविघटनाची हिरवट कडा फसवी दिसते. शिवाय हाताळणाऱ्याला संसर्गाचा धोका वेगळाच. याला उपाय आहे आणि तो महाराष्ट्रात तरी अवघड नसावा. पुण्यात मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे, राज्यात पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. मेंढीचे रक्त निर्जंतुक पद्धतीने काढून काचेच्या मण्यांच्या बाटलीत दहा मिनिटे घुसळले की फायब्रिन मण्यांना चिकटते आणि गुठळी न होणारे रक्त मिळते. पाच टक्के प्रमाणात मिसळायला जिल्ह्याला आठवड्याला थोडेच लागते. दोन विभागांत एक करार झाला तर हा प्रश्न सुटेल.

पेटरीवरचा प्रोटिअस ही स्वतंत्र डोकेदुखी आहे. तो ब्लड अगरवर लाटेवर लाट पसरत जातो आणि एका रात्रीत बाकी सगळ्यांना झाकून टाकतो. वासावरून तंत्रज्ञ त्याला ओळखतात आणि ‘प्रोटिअस’ लिहून मोकळे होतात. खाली दबलेला स्टॅफिलोकॉकस तसाच राहतो. मॅकॉन्कीवर किंवा सीएलईडी अगरवर प्रोटिअसचे पसरणे थांबते. तिथून वसाहती वेगळ्या करून पुन्हा लावाव्यात. स्टॅफिलोकॉकस ऑरिअस निघाला तर ३० मायक्रोग्रॅम सेफॉक्सिटिनची चकती लावावी. चकतीभोवतीचा वाढ-रोध (जंतू न उगवलेल्या वर्तुळाचा व्यास) २१ मिलिमीटर किंवा कमी असेल तर तो एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणारा. ऑक्सासिलिनच्या चकतीवर त्यासाठी विसंबू नये.

जुनाट कानफुटीत सर्वाधिक दिसणारे जंतू म्हणजे स्युडोमोनास एरुजिनोसा आणि स्टॅफिलोकॉकस ऑरिअस. मग प्रोटिअस, क्लेबसिएला, ई. कोलाय. न्यूमोकॉकस, टाइप न करता येणारा हिमोफिलस आणि मोराक्सेला हे त्रिकूट मुख्यतः ताज्या कानदुखीचे आणि पडद्याआड पाणी साचलेल्या कानाचे. हा फरक मागणी अर्ज भरणाऱ्याला माहीत हवा, कारण तीन दिवसांपूर्वी फुटलेला कान आणि तीन महिने वाहणारा कान यांचे कल्चर एकाच पद्धतीने वाचता येत नाही. काळे ठिपके, भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा लगदा आणि खाज असेल तर ॲस्परजिलस ही बुरशी समजावी. दहा टक्के केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये) एक काचपट्टी पाहिली की दहा मिनिटांत काम होते. स्टिरॉइड मिसळलेले प्रतिजैविक थेंब महिनोन्‌महिने घातलेल्या कानात हे नेहमीचे आहे, आणि तिथे आणखी प्रतिजैविक घालणे म्हणजे आगीत तेल.

क्षयाचा विचार फार उशिरा होतो. दुखत नाही, पण वाहणे थांबत नाही. पडद्याला एकाहून अधिक छिद्रे. आत फिकट, रक्त नसल्यासारख्या मांसांकुरांची गर्दी. दिसणाऱ्या बिघाडाच्या मानाने ऐकू फारच कमी. कधी चेहऱ्याचा लकवा. यांतले दोन जुळले तरी क्षयाची चाचणी करावी. पुवापेक्षा मांसांकुराचा तुकडा कितीतरी अधिक उपयोगी. तो दोन भागांत पाठवावा: एक फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीला, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये सीबीनॅट (क्षयाची रेणवीय चाचणी) आणि कल्चरसाठी. सबंध तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडवला की कल्चरचा मार्ग कायमचा बंद होतो, आणि ही चूक ऑपरेशन थिएटरमध्ये वारंवार होते. सीबीनॅट निगेटिव्ह आली म्हणून कानाचा क्षय नाही असे ठरत नाही.

आता परत त्या सुरुवातीच्या कागदाकडे, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होते. ‘सिप्रोफ्लॉक्सासिन: रेझिस्टंट’ या शब्दांचा अर्थ काय? औषध पोटातून किंवा शिरेतून दिले तर रक्तात जेवढे पोचते, तेवढ्यात हा जंतू मरत नाही. स्युडोमोनाससाठी सीएलएसआय या प्रयोगशाळांची मानके ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या कोष्टकात ही रेषा दर मिलिलिटरला दोन मायक्रोग्रॅम किंवा अधिक अशी आहे. कानात टाकायच्या ०.३ टक्के थेंबात दर मिलिलिटरला ३,००० मायक्रोग्रॅम औषध असते, म्हणजे त्या रेषेच्या दीड हजार पट. कागदावर ‘रेझिस्टंट’ असलेला जंतूही कोरड्या केलेल्या कानात नीट पोचलेल्या थेंबाने बऱ्याचदा आटोक्यात येतो. थेंब लागू पडत नसतील तर आधी ते पोचतात का हे पाहावे: पू काढला जातो का, छिद्र मांसांकुराने बुजले आहे का, आत कोलेस्टिएटोमा आहे का.

हे न कळल्याने काय घडते ते सरळ आहे. स्युडोमोनासवर तोंडाने देता येईल असे फ्लुओरोक्विनोलोनखेरीज औषध नाही. ते कागदावर बाद झाले की उरते ते शिरेतले. मग साध्या वाहत्या कानाच्या मुलाला रुग्णालयात ठेवून मेरोपेनेम दिले जाते. दुसरीकडे ‘जेंटामायसिन सेन्सिटिव्ह’ दिसले म्हणून फुटलेल्या पडद्यातून जेंटामायसिनचे थेंब घातले जातात, आणि ते आतल्या कानाला इजा करू शकतात. कान वाचवायला गेलो आणि ऐकूच घालवले, अशी गत. निओमायसिनचे तेच. कोलिस्टिनची चकती लावून ‘सेन्सिटिव्ह’ लिहिणे तर शास्त्राला धरूनच नाही, त्याला ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन ही द्रव माध्यमातली चाचणी लागते.

म्हणून आमची मागणी: कानाच्या स्वॅबचा अहवाल टप्प्याटप्प्याने द्यावा. पहिल्या फळीची औषधे छापावीत. मेरोपेनेम, लिनेझोलिड यांचे निष्कर्ष प्रयोगशाळेने नोंदवून ठेवावेत, पण वरिष्ठ डॉक्टरने मागितल्याशिवाय किंवा गुंतागुंतीची नोंद असल्याशिवाय अहवालावर येऊ नयेत. केवळ त्वचेवरचे जंतू मिळाले असतील तर त्यांची औषध-संवेदनशीलता मुळीच लावू नये. आणि प्रत्येक अहवालाखाली मराठीत एक ओळ असावी: ‘हे निष्कर्ष तोंडाने वा शिरेतून द्यायच्या औषधांसाठी आहेत, कानात टाकायच्या थेंबांना लागू नाहीत.’ शिक्क्याएवढ्या खर्चात होणारे काम आहे.

पीसीआरबद्दल विचारणा होते, म्हणून तेही. पडदा शाबूत असून आत चिकट पाणी साचलेल्या कानात कल्चर कमी पडते, हे जुने ज्ञान आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा ९७ नमुन्यांपैकी २८ कल्चरवर वाढले, पण पीसीआरने ७५ मध्ये न्यूमोकॉकस, हिमोफिलस, मोराक्सेला या त्रिकुटापैकी कुणाचा तरी डीएनए दाखवला. २००६ मध्ये मधल्या कानाच्या अस्तराच्या ५० तुकड्यांपैकी ४६ मध्ये जंतूंचे थर, म्हणजे बायोफिल्म, सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. थरात दडलेले जंतू पेटरीवर सहज उगवत नाहीत आणि औषधालाही दाद देत नाहीत. हे सगळे मान्य. पण म्हणून वाहत्या कानांसाठी बहुजंतू पीसीआर पॅनेल विकत घ्यावे हे आम्हाला पटत नाही. नळी पुसून आलेल्या स्वॅबवर पीसीआर लावला तर नळीतल्या यच्चयावत जंतूंची यादी मिळेल, मेलेल्यांसह. ॲलोयोकॉकस ओटायटिडिस हे त्याचे बोलके उदाहरण. तो कल्चरवर इतका सावकाश वाढतो की दोन दिवसांत पेटरी टाकून देणाऱ्याला तो दिसत नाही. पीसीआर सुरू झाल्यावर तो जिथे तिथे सापडू लागला, आणि मग निरोगी मुलांच्या बाहेरच्या नळीतही सापडला. तो आजार करतो की नुसता राहतो, यावर अजून एकमत नाही. शिवाय पीसीआर जंतूचे नाव सांगतो, कोणते औषध लागू पडेल हे बहुतेक सांगत नाही. क्षयासाठी आहे ती रेणवीय चाचणी वापरावी. बाकी पैसा आधी हेडलाइट, सक्शन, बारीक स्वॅब आणि एमीजच्या नळ्यांवर घालावा.

पडदा फुटलेला नसेल तर स्वॅब घेण्याजोगे काही नसते, हेही परिपत्रकात लिहावे लागेल. बाहेरून नळी पुसून ‘मधल्या कानाचे कल्चर’ म्हणून पाठवलेले नमुने येतात. नाकाच्या मागचा स्वॅब हा त्याला पर्याय नाही. तिथे एखादा जंतू नाही म्हटल्यावर तो कानातही नसण्याची शक्यता बरीच, पण तिथे आहे म्हणून कानात आहे असे म्हणता येत नाही. ग्रॉमेट (पडद्यात बसवायची लहानशी नळी) टाकण्यासाठी मूल भुलीखाली असेल तेव्हा पडद्याच्या पुढच्या-खालच्या चतुर्थांशात छेद घेऊन पाणी निर्जंतुक सापळ्यात ओढून घ्यावे. मागच्या-वरच्या भागात ऐकण्याची हाडे असतात, तिथे सुई नेऊ नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली आणि त्याच्या तपासणी-यादीत मधल्या कानाचा दाह पहिल्यापासून आहे. पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात. त्यांच्या हाती स्वॅब देऊ नका. वर्गात, खिडकीच्या उजेडात, सक्शनविना घेतलेला स्वॅब हा पैशांचा अपव्यय आहे. त्यांना चालणारा ओटोस्कोप, त्याचे जास्तीचे सेल आणि लहान मापाचे स्पेक्युलम द्या. त्यांनी कान पाहावा, आईला वात करून दाखवावी, थेंब द्यावेत, पाच दिवसांनी पुन्हा पाहण्याची सोय लावावी आणि दोन आठवड्यांनी न थांबलेला कान पुढे पाठवावा. पाठवताना चिठ्ठीवर कान किती दिवस वाहतो, कोणता, कोणते थेंब किती दिवस घातले, आणि ऐकू कमी येते असे शिक्षकांना वाटते का, एवढे लिहावे. स्वॅब उपजिल्हा रुग्णालयापासून वर, आणि जिथे कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे तिथेच घेतला जावा.

लसीचा उल्लेख मुद्दाम उशिरा करतो. न्यूमोकॉकसची लस २०२१ पासून देशभरच्या नियमित लसीकरणात आहे. तिच्यामुळे ताज्या कानदुखीतला न्यूमोकॉकसचा वाटा बदलू शकतो, आणि हिबची (हिमोफिलसच्या बी प्रकारावरची) लस टाइप न होणाऱ्या हिमोफिलसला आवरत नाही. बदल खरोखर होतो आहे का हे कळायचे तर नमुना नुकत्याच फुटलेल्या कानाचा, पहिल्या दिवशीचा, औषध सुरू होण्याआधीचा आणि चॉकलेट अगरवर लावलेला हवा. राज्यातल्या तीन-चार वैद्यकीय महाविद्यालयांनी मिळून एवढे केले तरी पुरे. सगळ्या जिल्ह्यांकडून ते मागू नये.

परिपत्रक काढायचे ठरले तर मसुदा दोन पानांपेक्षा मोठा नसावा, आणि एक पान स्वॅब घेणाऱ्या खोलीच्या भिंतीवर लावता यावे. मागणी अर्जाचा नमुना आम्ही द्यायला तयार आहोत. त्यात वय, बाजू, किती दिवसांपासून, छिद्र दिसले का आणि कुठे, नळी स्वच्छ करून घेतला का, चालू औषधे व शेवटचा थेंब कधी, नमुना घेतल्याची वेळ, हे सात रकाने असतील. नळी स्वच्छ केल्याचा आणि छिद्र दिसल्याचा रकाना रिकामा असेल तर नमुना परत पाठवण्याचा अधिकार प्रयोगशाळेला लेखी मिळावा. तो अधिकार नसेल तर तंत्रज्ञ आलेला नमुना लावत राहणार आणि उगवलेले छापत राहणार.

कळावे,

आपले,
कान-नाक-घसा व सूक्ष्मजीवशास्त्र विभागांत काम करणारे डॉक्टर